त्यात लिहायचं काय?

सोनाराच्या कारखान्यातला केर कुणी टाकून देत नाही. संध्याकाळी कारागीर उठले की त्यांच्या बैठकीखालची फरशी हलक्या हातानं झाडायची आणि केर डब्यात भरायचा. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवायचं, गाळ खाली बसू द्यायचा. फुटलेल्या मुशी, शेगडीतली राख, पॉलिशची फडकी, वर्षानुवर्षं बसून फाटलेली सतरंजी, सगळं जपून ठेवायचं. मग तो केर विकत घेणारी माणसं येतात. पूर्वी त्यांना झारेकरी म्हणत. ते तो जाळतात, धुतात, गाळतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. आमची आजी कारखान्यातून घरी येणाऱ्या माणसाला पायरीवर चपला झटकायला लावायची, तेही खाली कागद अंथरून.

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत आमची लहानशी पेढी आहे. आजोबांनी सुरू केली, आबा आणि काकांनी वाढवली, आता माझा भाऊ आणि भाचा बघतात. माझं सासर गावातच, त्यामुळे लग्नानंतरही मी हिशेबाला येत राहिले. भावाला गिऱ्हाइकाशी बोलायला आवडतं, मला आकडे आवडतात, एवढंच कारण. या सगळ्या काळात पेढीचं जे नुकसान झालं, ते मी कधी कधी मनात मांडून बघते. चोरी झालेली नाही. मुशीतून सांडलेलं सोनं तर नखभरसुद्धा नसेल. गेलं ते सगळं बोलण्यातून गेलं. ज्या धंद्यात केराचंही वजन होतं, तिथं बोललेला शब्द मात्र कुणी जमा धरला नाही. ‘त्यात लिहायचं काय, सगळ्यांना माहीत आहे’, हे आमच्या घरातलं सगळ्यात महागात पडलेलं वाक्य आहे.

एकदा एक बाई बोरमाळ मोडायला घेऊन आल्या. सासूची माळ, आमच्याच पेढीवर केलेली. सोबत आजोबांच्या हातची चिठ्ठी होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. ‘बोरमाळ 1, वजन तोळे 3’, खाली सही. आबांनी काट्यावर ठेवली. 34 ग्रॅम 200 मिली भरली. जुने 3 तोळे म्हणजे 35 ग्रॅमला जरा कमी. इतक्या वर्षांच्या झिजेनंतर हे वजन अगदी चोख होतं. बाई खूश झाल्या. आबा मात्र गप्प होते. त्यांनी एक मणी चिमटीत धरून फिरवला आणि म्हणाले, “वहिनी, आत लाख आहे.”

“असंल की थोडी,” बाई म्हणाल्या.

बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून करतात आणि आत लाख भरतात, म्हणजे मणी चेपत नाही. कोल्हापुरी साजातल्या जवमण्यांचंही तसंच. पूर्वी पत्रा फार पातळ काढायचे. दागिना भरघोस दिसायचा आणि शेतकऱ्याच्या घरालाही परवडायचा. आबांनी कसोटीवर रेघ ओढून कस बघितला, उत्तम होता. बाईंच्या परवानगीनं मणी आगीवर धरले. लाख पेटली, काळा धूर आला, दुकानभर करपट वास पसरला. मग सोनं मुशीत आटवून पुन्हा काट्यावर ठेवलं. 23 ग्रॅम.

बाईंनी काट्याकडे बघितलं, मग आबांकडे. “म्हणजे आमच्या आत्तींना फसवलं म्हणा की.”

“फसवलं न्हाई. लाख किती आहे ते सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“तुमच्या मामंजींना.”

मामंजी जाऊन कैक वर्षं झाली होती. आजोबाही नव्हते. आबा उठले, माळ्यावर चढले आणि बऱ्याच वेळानं धुळीनं माखलेली एक कीर्द घेऊन खाली आले. नोंद सापडली. माळ 3 तोळ्यांची, घेतलेली रक्कम मजुरीसकट 225 रुपये. 1950 नंतरचा तो काळ, भाव तोळ्याला शंभराच्या आसपास. म्हणजे आजोबांनी पैसे दोनच तोळ्यांचे घेतले होते, तिसरा तोळा लाखेचा. हिशेब स्वच्छ होता. आबांनी तो बाईंना दोनदा समजावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “वही तुमचीच न्हवं?” त्यांनी 23 ग्रॅमचे पैसे मोजून घेतले आणि नवी बोरमाळ समोरच्या दुकानातून केली.

आजोबा प्रामाणिक होते, हे त्या दिवशी आकड्यांनी सिद्ध झालं. त्याचा उपयोग शून्य. चिठ्ठीवर ‘पैकी लाख तोळा 1’ एवढे चार शब्द असते तर त्या घराची पुढची पिढी आमच्याकडे आली असती. आजोबांनी ते लिहिले नाहीत, कारण बोरमाळेत लाख असते हे तेव्हा पोरासोरांना माहीत होतं. माहितीलाही वय असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

आजोबांना एकट्याला दोष देणं बरोबर नाही. न लिहिण्याची सवय या धंद्याला सरकारनंही लावली. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना 14 कॅरेटच्या वर करायचा नाही, असा नियम झाला. 14 कॅरेट म्हणजे शंभर भागांत सोनं 58च्या आसपास, बाकी तांबं-चांदी. त्याचा रंग लालसर, धातू ताठर; बारीक कामाला वळता वळत नाही. 22 कॅरेटवर हात बसलेल्या कारागिरांना ते जमेना आणि गिऱ्हाइकाला ते रुचेना. देशभर सोनारांचे हाल झाले, अनेकांनी धंदा सोडला, काहींनी जीव दिल्याच्या बातम्या छापून आल्या. ती अट पुढं 1966 मध्ये उठली, पण 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा राहिला. राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना 1990 मध्ये तो रद्द झाला.

त्या वर्षांत आजोबा नेमकं काय करत होते, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही, कारण ते लिहिलेलं नाही. त्या काळच्या कीर्दी विलक्षण स्वच्छ आहेत. इतक्या स्वच्छ, की त्या पेढीवर एवढ्या माणसांचं घर चाललं यावर विश्वास बसू नये. जे कागदावर नको होतं ते तोंडी चाललं, आणि तोंडी चालतं म्हटल्यावर जे कागदावर चाललं असतं तेही तोंडीच राहिलं. कायदा गेला, सवय राहिली.

तिचा पहिला मोठा हिशेब घरातच चुकता करावा लागला. आबा आणि काका वेगळे व्हायचे ठरले, तेव्हा दुकान, कारखाना, उधारी हे सगळं सरळ वाटलं गेलं. अडलं ते घरच्या दागिन्यांपाशी. आत्याच्या लग्नात पेढीवरून पाटल्या गेल्या होत्या. काकांच्या मुलीला गोठ, आईला मोहनमाळ, एका बारशाला बिंदल्या. कुणी काही उचललं की सांगायचं, ‘मी अमुक नेतोय’, आणि दुसऱ्यानं मान हलवायची. घरच्याला कुठं पावती करायची? आता त्या मान हलवण्याची किंमत काढायची होती.

आजीला सगळं पाठ होतं. कुठली पाटली कुणासाठी, किती वजनाची, कुठल्या सालची, 72च्या दुष्काळात काय मोडलं आणि पुढं त्याचं काय केलं, हे ती न अडखळता सांगत गेली. पण तिचं वजन तोळे-मासे-गुंजांचं. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. आबा शेजारी बसून ग्रॅममध्ये उतरवत होते. ‘धाकट्यानं पाच तोळे नेले,’ असं आजी म्हणाली आणि दोघे भाऊ एकदम थांबले. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. दशमान वजनं आल्यावर बाजार हळूहळू 10 ग्रॅमला तोळा म्हणायला लागला. काकांनी नेलेले पाच तोळे कुठले? जुने असतील तर 58.3 ग्रॅम, नवे असतील तर 50. आबांचं म्हणणं जुने. काकांचं म्हणणं, त्या वर्षी आपण दोघंही 10चाच तोळा धरत होतो. फरक सव्वाआठ ग्रॅमचा. त्यावरून दोघांनी एकमेकांच्या लहानपणापर्यंतचं उकरून काढलं. आजीनं तो वाद मिटवला नाही. “माझ्या वेळंला तोळा एकच होता,” म्हणाली आणि पदर सावरून आत गेली. शेवटी फरक अर्धा-अर्धा केला. बोलणं सुरू व्हायला मात्र नंतरची बरीच वर्षं लागली.

त्यानंतर आबांनी नियम केला, की घरातल्या माणसालाही बिल. आईनं कानातली वेल घेतली तरी मी तिच्या नावानं पावती फाडायची. आईला सुरुवातीला ते फार लागलं. ‘आपल्याच दुकानात मी गिऱ्हाईक’, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढं तिनंच त्या पावत्या एका डब्यात नीट लावून ठेवल्या. सुनांना काय द्यायचं ते ठरवताना तो डबाच कामाला आला.

पण कागदावर आकडा आला म्हणजे खरं समोर आलं, असंही नाही. 2005 साली 10 ग्रॅमला 7,000च्या आसपास असलेला भाव 2011 मध्ये 25,000 ओलांडून गेला. त्या वर्षांत आमची विक्री जोरात होती. हिशेब मी लिहीत होते आणि दर मार्चला नफ्याचा आकडा मागच्यापेक्षा मोठा निघत होता. भावानं दुकानाला काचा बसवल्या, एसी आला, दिवे आले. सगळं त्या नफ्यातून. मग एका दिवाळीत, लक्ष्मीपूजनाआधी माल मोजताना, आबांनी सहज मागच्या पाच वर्षांच्या याद्या मागितल्या. माल दरवर्षी मोजला जायचा, यादी व्हायची, पण शेजारी शेजारी ठेवून त्या कुणी वाचल्या नव्हत्या. आबांनी फक्त शेवटच्या ओळी वाचल्या, रुपये सोडून, नुसते ग्रॅम. आकडा दर दिवाळीला खाली आलेला होता.

झालं होतं ते असं. 15,000ला घेतलेले 10 ग्रॅम आम्ही 18,500ला विकायचो आणि 3,500 नफा लिहायचो. त्यातून पगार जायचे, बँकेचं व्याज जायचं, कर जायचा, काचा यायच्या. उरलेल्या पैशांत पुन्हा 10 ग्रॅम घ्यायला जावं तर भाव 19,500 झालेला. मग 9 ग्रॅम घ्यायचे. म्हणजे आमची प्रत्येक फायद्याची विक्री दुकानातलं सोनं थोडं थोडं कमी करत होती. आम्ही बहुतेक भावावरच जगत होतो आणि त्याला धंदा म्हणत होतो. सराफाची खरी कमाई मजुरीत आणि जे काही थोडं मार्जिन असेल त्यात. सोनं त्याचं नाही, ते त्याच्या हातून नुसतं पुढं जायचं असतं. हे गुजरीतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं हसत सांगितलं असतं. आमच्या आबांनाही माहीत होतं. पण पोरं शिकलेली आहेत, त्यांना काय सांगायचं, असं त्यांना वाटलं आणि ते राहून गेलं.

तेव्हापासून आज विकलं तेवढं आजच घ्यायचं. गिऱ्हाइकानं आगाऊ रक्कम देऊन भाव बांधला की तेवढ्या सोन्याचा सौदा त्याच दिवशी करायचा, उद्या उतरेल म्हणून थांबायचं नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांत भाव धाडकन कोसळला, गुजरीत बायकांच्या रांगा लागल्या, आणि ऑगस्टपर्यंत रुपया घसरून भाव परत वर गेला. उताराची वाट बघणारे आणि चढाची वाट बघणारे, दोन्ही प्रकारचे सराफ त्या वर्षी पोळले. आमचं फार कमावणं झालं नाही, पण दिवाळीला ग्रॅम तेवढेच भरले.

काही गोष्टी मात्र वजनात येतच नाहीत. 90च्या दशकात गावोगावच्या सराफी दुकानांवर ‘केडीएम दागिने’ अशा पाट्या लागल्या. आमच्याही दुकानावर लाल अक्षरांत होती. दागिन्याचे भाग जोडायला डाक लावावी लागते. जुन्या डाकेत तांबं-चांदी जास्त, त्यामुळे दागिना आटवला की कस घसरायचा आणि मोड देताना गिऱ्हाईक भांडायचं. सोन्यात कॅडमियम मिसळून केलेल्या डाकेनं हा प्रश्न सुटला, कारण कॅडमियम 767 अंशांना उकळतं आणि आगीत उडून जातं. दागिन्याचा कस राहतो. सगळे खूश. उडून जातं ते जातं कुठं, हे कुणी विचारलं नाही. ते जात होतं पोटमाळ्यावर शेगडीवर वाकून फुंकणी मारणाऱ्या माणसाच्या छातीत. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे, हे डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक होतं. आमच्याकडे एक बंगाली कारागीर होता, मेदिनीपूरकडचा. सगळे त्याला दादा म्हणत. नथीचं काम असं करायचा की मोती कुठं अडकवलाय ते दिसू नये. तो खोकायचा. माळ्यावर सगळेच खोकायचे. एका पूजेला गावी गेला तो परत आला नाही. त्याला नेमकं काय झालं होतं, हे आम्ही कधी तपासून घेतलं नाही, म्हणून कारण सांगण्याचा हक्कही आम्हाला नाही. केराचं पाणी पिंपात साठवणाऱ्या आमच्या कारखान्यात धुराला बाहेर जायला खिडकीसुद्धा नव्हती, एवढं मात्र मी बघितलेलं आहे. आता पंखे आहेत, डाक जस्ताची आहे. पाटी बदलली ती मात्र कारागिरासाठी नाही, ‘हॉलमार्क’ लिहायचं होतं म्हणून.

हॉलमार्कचीही गंमतच. भारतीय मानक ब्यूरोनं सोन्याचं हॉलमार्किंग 2000 साली सुरू केलं, तेव्हा ते ऐच्छिक होतं आणि आम्हाला ते अपमानास्पद वाटलं होतं. तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक नावावर येतं, त्याला शिक्का कशाला? पुढं गिऱ्हाईकच विचारायला लागलं म्हणून आम्ही माल तपासायला पाठवला. पहिल्याच खेपेतले काही डाग परत आले. 916 म्हणून पाठवलेले, म्हणजे हजारात 916 भाग सोनं. भरले त्याहून कमी. भाऊ केंद्रावर भांडायला निघाला होता. आबांनी थांबवलं. घरी एक डाग कापून, जोड वेगळे करून तपासला. पत्रा 916चा होता, जोडांत डाक जास्त बसली होती. कारागिरानं सोनं खाल्लेलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी शिकवली तशी डाक तो लावत होता. आम्ही कुणाला फसवत नव्हतो आणि तरी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला थोडं कमी सोनं जात होतं. लबाड सराफाला निदान आपण किती मारतो ते माहीत असतं. आम्हाला तेही माहीत नव्हतं.

16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि जुलैपासून प्रत्येक डागावर सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक आला. ऑगस्टमध्ये देशभरच्या सराफांनी एक दिवसाचा बंद पाळला. पुढं 1 एप्रिल 2023 पासून तो क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. एकेका डागाची नोंद करायची म्हणजे लहान पेढीला ताप होतो, हे खरं आहे, मीच ते काम करते. पण आता आमच्या बिलावर एकूण वजन, खड्याचं वजन, लाखेचं वजन, निव्वळ सोनं, भाव, मजुरी आणि कर असं सगळं वेगळं छापलेलं असतं. गिऱ्हाईक मोबाईलवर क्रमांक टाकून दुकानातच खात्री करून घेतं. आबा असते तर त्यांना ते जड गेलं असतं. मला उलट हलकं वाटतं. विश्वास आहे म्हणून मोजायचं नाही, असं आम्ही समजत आलो. खरं तर मोजलं की विश्वासावरचं ओझं उतरतं, आणि माणसं मग गप्पा मारतात, चहा घेतात.

आता भाव 10 ग्रॅमला लाखाच्या पुढं गेला आहे. 2025 मध्ये त्यानं ही पायरी चढली, तेव्हापासून भाच्याचं एकच टुमणं आहे. विकलेलं सोनं त्याच दिवशी भरून काढायच्या नियमाचा त्याला जाच होत नाही, कारण चढत्या बाजारात तो नियम त्याच्या सोयीचाच आहे. त्याला त्यापुढं जायचंय. कर्ज काढायचं, गरजेपेक्षा जास्त सोनं घेऊन ठेवायचं आणि नुसतं बसायचं. मी त्याला 2013 ची आठवण करून दिली. त्या ऑगस्टमधली पातळी ओलांडायला भावाला 2019 उजाडलं होतं आणि मधली वर्षं व्याज काही थांबलं नव्हतं. भाच्याला ते जुनं वाटतं. पोरगा हुशार आहे, बाजार वाचतो, उगाच बोलत नाही. कदाचित त्याचं बरोबरही असेल.

परवा बंद करायच्या वेळी तो पुन्हा म्हणाला, “आत्या, आता सोनं खाली येत नसतं. सगळ्यांना माहीत आहे.”

“मग लिहून दे,” मी बिलबुक त्याच्यापुढं सरकवलं.

त्यानं पेन उचललं, थोडा वेळ हातात फिरवलं आणि म्हणाला, “त्यात लिहायचं काय?”